वीरगळीचं तेल

केंचा लढाईत पडल्याची खबर आली, तेव्हा राजानं त्याच्या आईला रक्तकोडगीचं, म्हणजे लढाईत सांडलेल्या रक्ताच्या मोबदल्यात मिळणारं, शेत दिलं. आम्ही बांधावर वीरगळ उभी केली: खाली तलवार उपसलेला केंचा, वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. म्हातारी रोज दगडाला तेल लावायची. वर्षानं केंचाच कुबडीवर खुरडत बांधावर आला. एक पाय गुडघ्यापासून गेलेला. दगडातल्या धडधाकट स्वतःकडे बघत तो गावादेखत गावाचे मुखिया असलेल्या गौडांना म्हणाला, “मी जिवंत आहे. शेत परत घ्या.” “गप बस, मेल्या!” म्हातारी कडाडली. “खायचं काय, अप्सरा?” सगळे हसले. गौडांनी विचारलं, “रक्त सांडलं ना?” केंचानं मान डोलावली. “शेत रक्ताचं आहे, मरणाचं नाही,” गौड म्हणाले. तेलाची वाटी घेऊन म्हातारी सवयीनं दगडाकडे निघाली, थबकली, आणि वळून लेकाच्या तुटक्या पायाला तेल चोळू लागली. आम्ही वीरगळीकडे पाठ फिरवून हात जोडले.