गुडघ्यातली फुगडी

मंगळागौरीच्या खेळांना रंग चढला आणि नेमका तेव्हाच कमळजावहिनींचा यांत्रिक गुडघा बोलू लागला.

"सावधान! 'फुगडी' या पॅकेजची लेखिका अनोळखी आहे. तिच्यावर विश्वास ठेवू नये."

वहिनींनी कपाळाला हात लावला. कंपनीनं गुडघ्यात चालणं, चढणं, मांडी घालणं, सगळं दिलं होतं. फुगडी तेवढी नव्हती. तिचा प्रोग्रॅम त्यांच्या नणंदेनं, उर्मिलानं, महिनाभर खपून खास त्यांच्यासाठी लिहिला होता. पण गुडघ्यातल्या त्या मेल्या तपासनीसाला हे कोण सांगणार? सकाळी वहिनी देवापुढे वाकल्या, तर त्यालाही त्यानं बिघाड ठरवलं होतं!

उर्मिलाचा चेहरा उतरला. "राहू द्या वहिनी. माझंच काही चुकलं असेल तर पडाल."

"अगं, नणंदेवर विश्वास ठेवू नकोस, असं लग्नात आईनंही बजावलं होतं मला," वहिनी पदर खोचत म्हणाल्या. "तिचं तरी कुठे खरं ठरलं? आण हात इकडे."

पायाला पाय भिडले. उर्मिलाचे हात घट्ट धरून वहिनींनी सगळा भार मागे झोकून दिला आणि गरगर फिरू लागल्या. गुडघा "सावधान! सावधान!" ओरडत राहिला, आणि बायकांनी त्याच तालावर टाळ्या धरल्या.