टाकीतला बेडूक

"झऱ्याजवळचं झाड आपलं नसतं गं, झऱ्याचं असतं." डोक्यावर घागर घेऊन उतरणीला वळता वळता आई म्हणायची. आईला जाऊन जमाना झाला. पण इदालिना निलगिरीचं रोप उपटायला वाकली, की तो आवाज अजून कानाशी येतो.

रात्री पाऊस पडून गेला होता. असाच दिवस बघून उपटायचं असतं. कोरड्यात ओढलं की रोप मोडतं, मूळ आत राहतं आणि एकाची पाच होऊन वर येतात. दोन उन्हाळ्यांमागच्या वणव्यात उतारावरची निलगिरी जळाली होती, आणि आता तिचीच पोरं गवतासारखी दाट उगवली होती. खाली झऱ्याकाठचे जुने ओक तेवढे तगले होते. बुंधे काळे, पण शेंडे हिरवे.

तिचा थोरला भाऊ झेफेरिनो बांधावर काठी टेकून उभा राहिला.

"ही माझी बाजू आहे, इदा."

"मुळांना कुठं ठाऊक असतं, दादा."

"सोड ते. कागदगिरणीचा माणूस येतोय आत्ता. त्याला उतार भरलेला दिसू दे."

"म्हणून तर उपटतेय."

"फ्रान्सात लोकांच्या फरश्या पुसल्यास, आता डोंगर पुसायला निघालीस."

"फरशी पुसली की पुसलेली राहायची तरी. हे तुझं पीक एका पावसात परत येतं."

झेफेरिनो हसला. जळालेली निलगिरी त्यानंच लावली होती, आता उतार परत गिरणीला लागवडीला देणार होता. "ओक मोठा होईस्तोवर आपण दोघंही मातीत असू. आणि हे बघ, गिरणीच्या ट्रकला वर यायला वाट लागेल. झऱ्याकाठचे ओक काढावे लागतील. आधीच सांगून ठेवतो, नंतर रडू नकोस."

इदालिनाचा हात थांबला. क्षणभरच. मग तिनं पुढचं रोप बुडाशी धरलं, हळूच पिळलं आणि मुळासकट वर काढलं.

"परत वणवा आला म्हणजे?"

"टाकी आहे की."

टाकीची गोष्ट साऱ्या गावाला पाठ होती. वणव्याच्या दुपारी माणसं गाव सोडून खाली पळाली, झेफेरिनो एकटा मागं राहिला, आणि झऱ्याच्या पाण्यावर भरणाऱ्या दगडी टाकीत गळ्यापर्यंत बुडून वाचला. तेव्हापासून कॅफेत शिरला की कुणीतरी बेडकासारखं डराँव करायचं आणि वाईनचा पेला त्याच्यापुढं सरकवायचं. इदालिना तेव्हा फ्रान्सात होती. तिनं ही गोष्ट फोनवर त्याच्याच तोंडून ऐकली होती.

"टाकी भरतो झरा," ती मान वर न करता म्हणाली. "आणि झरा राखतात ते ओक. ते गेल्यावर बेडूक उतरणार कशात?"



खालच्या वळणावर गिरणीच्या जीपचा हॉर्न वाजला. झेफेरिनोनं तिकडं पाहिलं, हात मात्र केला नाही. हॉर्न परत वाजला. इदालिनानं ओळ सोडली नाही. एक रोप, मग त्याच्या शेजारचं. संध्याकाळपर्यंत उतार संपणार नव्हता, उद्याही नव्हता.

बऱ्याच वेळानं काठी बांधावर आडवी पडली. झेफेरिनो गुडघ्यावर हात ठेवत खाली उतरला, तिच्या शेजारी वाकला आणि एक रोप ओढलं. ते कटकन मोडलं.

"मुळापासून," ती म्हणाली.

त्यानं बोटांनी माती उकरली. मूळ हाताला लागेपर्यंत उकरत राहिला.

"टाकीत पाणी नव्हतं, इदा."

ती ताठ उभी राहिली.

"नुसता गाळ होता तळाला. माझ्या निलगिरीनं झरा केव्हाच पिऊन टाकला होता. ती जळाली, तेव्हा कुठं पाणी परत आलं."

"मग तू होतास कुठं?"

मातीनं भरलेला हात त्यानं झऱ्याकडं केला, त्या काळ्या बुंध्यांकडं.

"तिथं पालथा पडलो होतो. शेंड्याशेंड्यावरून धावत आली गं ती आग." त्यानं हाताला लागलेलं मूळ उपटलं. "ओकांपाशी आली आणि पाऊल पाऊल चालायला लागली."