बाळंतिणीचे लाडू

अमेरिकेत, फ्रिस्कोमधल्या त्या छोट्याशा इंडियन दुकानात आश्लेषा गेल्या महिन्यापर्यंत दर शनिवारी यायची, आणि दुकानाच्या मालकीण निर्मलाकाकू तिच्या पिशवीत घरची आवळासुपारी टाकायच्या. आज तिचा नवरा यतीन एकटाच आला.

"काकू, डिंक आहे? आणि खारीक? लाडू करायचेत."

"म्हणजे झाली बाळंतीण? एवढ्या लवकर?" काकूंचा चेहरा फुलला. "काय झालं रे?"

"मुलगी."

"लक्ष्मी आली! आश्लेषाची आई येणार होती ना नागपूरहून?"

"व्हिसा रिजेक्ट झाला. त्यांना फोनवर विचारून मीच करतोय सगळं. एक कॉलिंग कार्डपण द्या."

"जमेल रे तुला. डिंक तेवढा मंद आचेवर तळ, नाहीतर आतून कच्चा राहतो." काकू स्वतःच उठून शेल्फांमधून फिरल्या. डिंक, खारकेची पूड, सुकं खोबरं, जायफळ असं सगळं त्यांनी काउंटरवर आणून ठेवलं. "रोज सकाळी एक लाडू द्यायचाच तिला. कंबरेत ताकद येते." मग आठवण होऊन त्या पुन्हा आत गेल्या आणि अळिवाचं पाकीट घेऊन आल्या. "हे माझ्याकडून. खीर करून दे, दूध भरपूर येतं."

यतीनने पाकीट हातात घेतलं आणि ते हळूच काकूंकडे सरकवलं.

"अरे, संकोच कसला? घे."

"दूध येतंय, काकू," तो म्हणाला. "प्यायला मुलगी नाही राहिली."