रिक्षाची उजवी बाजू

प्रेमराज पेंटरनं रिक्षाच्या मागच्या डाव्या बाजूवर शेवटचं अक्षर काढलं. ‘रस्त्यात तोल गेलेली प्रत्येक बाई प्यायलेली नसते. माझ्या पत्नीला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. हा नसांचा आजार आहे. हसू नका, हात द्या.’

मजकूर दिपमालाचाच. परवा भरबाजारात ती कोलमडली, तेव्हा चार जणांनी तिला बेवडी ठरवलं होतं. आता ती रिक्षात कुबडी मांडीवर घेऊन बसली होती.

“झालं ना भाऊ?” पेंटरनं विचारलं.

“उजवी बाजू राहिली.” तिच्या नवऱ्यानं, हिलालनं, खिशातून कागद काढला.

पेंटरनं तो दोनदा वाचला. ‘मोबाइलवरच्या रमीत मी बायकोच्या औषधाचे पैसे घालवले. आठ महिने तिचं औषध बंद होतं. वर्ष झालं, खेळत नाही. तुमची रमी सुटत नसेल तर माझ्याशी बोला. हिलाल.’ खाली फोन नंबर.

पेंटर समजावू लागला. डावी बाजू वाचून लोक हात जोडतील, उजवी वाचून थुंकतील. शाळेच्या सहा पोरांवर तुझं घर चालतं. जुगाऱ्याच्या रिक्षात लेकरू कोण बसवील? निदान नाव तरी गाळ.

“बायकोला उचलून दवाखान्यात नेतो म्हणून बठ्ठी, सगळीच्या सगळी कॉलनी मला देवमाणूस म्हणते,” हिलाल हळूच म्हणाला. “काल एक म्हातारी पाया पडायला वाकली. देवापुढं कबूल करून झालं, भाऊ. पण देव कुणाला सांगत नाही. नाव मोठं काढ.”

“माझ्या आजारापेक्षा मोठं नको हं, पेंटरदादा,” आतून दिपमाला म्हणाली. “एवढ्यात तरी मला जिंकू द्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी देवपुरातल्या पहिल्याच घरापुढं हिलालनं हॉर्न दिला. कामिनीताई मुलीला घेऊन आल्या, दप्तर ठेवायला मागं गेल्या आणि तिथंच थांबल्या. आरशात त्यांचे ओठ हलताना दिसत होते. आधी डावी बाजू, मग उजवी.

त्यांनी मुलीचा हात धरला आणि दोघी घरात गेल्या.

हिलालनं इंजिन बंद केलं. अजून पाच घरं बाकी होती. दिपमालाला काय सांगायचं, ते तो मनात जुळवू लागला.

फाटक वाजलं. कामिनीताईंनी एका हातानं मुलीला धरलं होतं, दुसऱ्या हातानं नवऱ्याचं मनगट. नवरा बनियनवर होता, तोंडाला पेस्टचा फेस तसाच.

त्यांनी मुलीला रिक्षात बसवलं, दप्तर तिच्या मांडीवर दिलं आणि नवऱ्याला रिक्षाच्या मागं नेऊन उभं केलं.

“वाचा,” त्या म्हणाल्या. “मोठ्यानं नको. पण शेवटपर्यंत वाचा.”