मौनाचे ठोके

वर्गात त्रेपन्न मुली. मिटलेले डोळे एकशे चार, उघडे दोन. फळ्यावर तारीख, मंगळवार, १३ डिसेंबर १९८८, आणि तिच्याखाली ठळक अक्षरात: ‘मनःशांतीसाठी मौन – ५ मिनिटे’. पहिलं मिनिट संपायच्या आत आवाज सुरू झाला. खट-खट, खट-खट. उघड्या डोळ्यांची रुकय्या दोन बोटं बाकावर आपटत होती.

“झालं!” मुख्याध्यापक केणी सर दारातून ओरडले. “परत सुरू झाली ही. भोईरबाई, बघताय ना?”

कमळ भोईर बघत होती. बी.एस्सी. करून जूनमध्येच ती नोकरीला लागली होती आणि आठवी ‘ब’ तिच्या गळ्यात पडली होती. सर ओरडले की बाकीच्या मुली डोळे न उघडताच दचकतात, हेही ती पंधरा दिवस बघत होती.

सरांच्या हातात कागद होता. रुकय्याला ठाण्याच्या मनोरुग्णालयातून तपासून आणल्याशिवाय वर्गात बसवू नये, असं त्यावर टाइप केलेलं. सही तेवढी बाकी होती.

शिपाई पाठवून बोलावून घेतलेली तिची आई शकिला व्हरांड्यात उभी होती. ती न विचारताच आत आली.

“सर, ठाण्याला नको. हात जोडते. तिथला कागद घरात आला की पोरीला मागणी कोण घालंल? पाठच्या दोन बहिणी हायेत हिच्या.”

“मग हिला गप्प बसायला शिकवा.”

“गप्पच तर सोसत न्हाय तिला. आमच्या भिंतीला लागून कापडाचे सोळा लूम, रात्रंदिस खडखडतात. लाईट गेली, लूम थांबले, की झोपेतून उठून बसते. मी पण बसते. लूम थांबले म्हणजे कायतरी झालं. कुणाचा हात सापडला, नायतर गावात दंगल झाली.”

“हेच मी सांगतेय, सर,” कमळ म्हणाली. दहा दिवसांत ती हे चौथ्यांदा सांगत होती. “आपली शाळा मोकळ्यावर. इथे मौन म्हणजे टाचणी पडली तरी ऐकू येते. या सगळ्याच मुली लूमच्या वस्तीतल्या, त्यांना त्याची...”

“संस्थेचं परिपत्रक आहे, बाई. पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं! बाकीच्या बावन्न बघा, कशा मूर्तीसारख्या बसल्यात. त्यांच्या मनाला शांती मिळते, मग हिलाच काय धाड भरते?”

“शांती मिळते हे कुणी मोजलं?”

“मन काय मोजायची वस्तू आहे? तुमचं सायन्स प्रयोगशाळेत ठेवा.”

“प्रयोगशाळेत दोन परीक्षानळ्या आहेत, सर. त्यातली एक फुटकी.”

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. कमळ थांबली नाही. “मन राहू दे, नाडी मोजते. मागच्याच आठवड्यात सगळ्यांना शिकवलीय. मौनाआधी एक मिनिट, मौनानंतर एक मिनिट. शांती मिळत असेल तर ठोके कमी होतील. हिचे इतरांपेक्षा जास्त वाढले, तर खुशाल सही करा. मी आडवी येणार नाही.”

“बाई, हे काय बोलता?” शकिलाचा आवाज चिरकला.

कमळ शब्द मागे घ्यायला वळली. पण सरांनी तोवर मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं होतं.

“वेळ मी बघणार. हिची नाडी तुम्ही मोजा, पण आकडा मोठ्याने सांगायचा. ओढूनताणून नको.”

त्रेपन्न मनगटांवर बोटं टेकली.

“बाई, माझी लागतच नाही!” पुढच्या बाकावरची राही म्हणाली.

“मग मेलीस तू,” शेजारची मेहरुन्निसा कुजबुजली.

“अंगठ्याने नाही गं, बोटांनी,” कमळ वैतागली. “किती वेळा सांगायचं!”

मिनिट भरलं. रुकय्याचे अठ्ठ्याऐंशी. सगळ्यांनी आपापले आकडे चिठ्ठीवर लिहिले आणि डोळे मिटले.

एक मिनिट गेलं. खट-खट, खट-खट. सरांनी ओरडायला तोंड उघडलं, घड्याळाकडे पाहिलं आणि मिटलं.

“थांबू का, बाई?” रुकय्याने हळूच विचारलं.

“तुला बरं वाटेल तसं कर.”

ती थांबली नाही. शकिला मात्र ओढणीचं टोक तोंडात धरून भिंतीला टेकली. पाच मिनिटं संपली आणि पुन्हा बोटं मनगटांवर गेली. रुकय्याचे चौऱ्याण्णव.

“वाढले!” सर म्हणाले. “बघा, वाढले की नाही?”

“बाकीच्यांचे बघू या, सर.”

चिठ्ठ्या गोळा झाल्या. कमळ एकेक चिठ्ठी वाचून वजाबाकी फळ्यावर मांडत गेली. सर अगदी तिच्या खांद्याशी उभे राहून प्रत्येक आकडा ताडून बघत होते. एका ठिकाणी त्यांनी तिला अडवलं.

“चौदा कुठले? चोवीस. एवढंही येत नाही?”

तिने पुसून चोवीस केले. बेरीज सरांनी स्वतः केली, मग खालून वर पुन्हा एकदा केली. भागाकारही त्यांनीच केला. मग त्यांनी खडू कमळच्या हातात दिला, आणि तिने शेवटच्या दोन ओळी लिहिल्या:

बावन्न मुलींची सरासरी वाढ – १९ ठोके.

रुकय्याची वाढ – ६ ठोके.