रिकामं मनगट

उतार लागला तरी जयेंद्रने हात हँडलवर नुसते टेकवले होते. सायकलींना हाताचे ब्रेक राहिलेच नव्हते. पुढे कुणी चालत असलं की त्याच्या मनगटावरचा पट्टा सायकलला कळायचा, ती आपणहून थांबायची, आणि त्या माणसाच्या पट्ट्यात हलकेच घंटी वाजायची. 'बाजूला व्हा' असं ओरडणं आता असभ्य समजलं जाई.

वळणापुढे आई दिसली. वडिलांच्या तेराव्यानंतर ती आज पहिल्यांदाच बाहेर पडली होती. दुधाची पिशवी घेऊन रस्त्याच्या मधून पाठमोरी चालली होती. आता सायकल थांबेल, मग आईला मागे बसवून घरी न्यावं, असं जयेंद्रच्या मनात आलं.

सायकलचा वेग कमी होईना. त्याने आईच्या हाताकडे पाहिलं. मनगट रिकामं होतं. बांगड्या उतरवताना काकूने पट्टाही काढून घेतला होता. "आता हातात काही नको," ती म्हणाली होती, आणि जयेंद्र दारात उभा राहून नुसता बघत होता.

त्याने तोंड उघडलं, पण रस्त्यात ओरडायची सवयच गेली होती. "आई" म्हणेपर्यंत सायकलच्या धडकेने ती खाली पडली होती.

दूध उतारावरून वाहत गेलं. आई हलत नव्हती. वरून आणखी सायकली येत होत्या. जयेंद्रने आपला पट्टा सोडून तिच्या मनगटावर बांधला. सगळ्या सायकली अदबीने थांबल्या, आणि आईच्या हातावर घंटी वाजत राहिली.