डाव्या चाकामागचा पाइप

जीप जॅकवर चढली, पुढचं डावं चाक जमिनीवरून सुटून खाली लटकलं, आणि प्रीतमचा पाना हातातच राहिला. चाकामागचा ब्रेकचा रबरी पाइप फाटला होता. धडकेत फाटला असता तर गोष्ट वेगळी होती. हा घासून घासून फाटला होता. टायरच्या आतल्या बाजूला त्याची चकचकीत रेघ उमटली होती.

पाइप प्रीतमनंच टाकला होता. दोन महिन्यांपूर्वी त्यानं ही जुनी जीप चार इंच उचलून, म्हणजे चाकांवर उंच करून, दिली होती. गाडी उचलली की चाक जास्त खाली उतरतं, म्हणून पाइप लांब घ्यावा लागतो. लांब पाइप चाकाला लागू नये म्हणून चेसीला, गाडीच्या सांगाड्याला, लोखंडी पत्ती वेल्ड करून त्यात तो अडकवायचा. मग चाक हवेत लटकवायचं, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं आणि पाइप कुठं ताणतो, कुठं घासतो ते खाली झोपून पाहायचं. कामठी रोडवर हे प्रीतमइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. मोबाइलवर व्हिडिओ टाकून तो साऱ्या विदर्भाला हेच शिकवायचा. आणि ही जीप उचलली त्या दिवशीही व्हिडिओच काढायचा होता. जीपवाल्या क्लबची मंडळी कॅमेरा घेऊन खोळंबली होती. त्यानं पत्तीऐवजी प्लास्टिकची पट्टी आवळली, गाडी चारही चाकांवर उभी असतानाच स्टेअरिंग फिरवून पाहिलं आणि केस सारखे करून कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. व्हिडिओ नऊ हजार लोकांना आवडला होता.

"काय काय गेलं ते सांग गा," मागून अमोल म्हणाला. जीप त्याची. "बाईच्या हातात गाडी दिली, अन् हे पाहा."

रविवारी रामटेकचं दर्शन करून परतताना अमोलची बायको वंदना गाडी चालवत होती. कच्च्या उतारावर गाडी थांबेना. तिनं ती बांधाच्या दगडांवर घातली, म्हणून नाल्यात गेली नाही. पण शेजारी बसलेल्या सासूबाईंचा, प्रयागबाईंचा, हात मोडला. अमोलनं तिथूनच क्रेनसाठी प्रीतमला फोन केला होता. मागं वंदना ओरडत होती, "मी ब्रेकच दाबला होता! पेडलच खाली बसलं!" आणि अमोल तिच्यावर खेकसत होता, "खाली बसणारच, क्लच होता तो!"

फोन ठेवताना प्रीतमच्या मनात पाल चुकचुकली होती. जुन्या जीपला चारही ब्रेकचं तेल एकाच लाइनीतून जातं. एक पाइप फुटला की ब्रेकचं पेडल सुद्धा क्लचसारखंच मऊ होऊन तळाला जातं. हे त्याला तेव्हाच आठवलं होतं. पण त्यानं ते मनातून काढून टाकलं, चार दिवस जेवला, झोपला आणि लोकांच्या गाड्या उचलत राहिला.

"बंपर, रेडिएटर, डावा लाइट," तो जीपखालून म्हणाला. आवाज अगदी नेहमीसारखा निघाला, याचीच त्याला शिसारी आली. नवा पाइप भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला होता. दहा मिनिटांचं काम. त्यानं फाटका पाइप सोडवला आणि कुणी पाहायच्या आत खिशात कोंबला.

"दुरुस्त कर, मी विकूनच टाकतो," अमोल म्हणाला. "हिले सांगितलं, आता स्कूटीलेही हात लावू नको. शाळेत जायले बस आहे."

वंदना दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. कपाळाला पट्टी होती. मौद्याच्या शाळेत शिकवायला ती रोज स्वतः स्कूटी चालवत जायची, उशीर झालेल्या एखाद्या विद्यार्थिनीला वाटेत मागं बसवायची. आता ती नुसती मान हलवत होती. मग उठून ती जीपजवळ आली आणि अमोलला ऐकू जाणार नाही अशा बेतानं तिनं विचारलं, "प्रीतमभाऊ, या गाडीचे पेडल लईच जवळ जवळ आहेत का? बाकीच्यांचंही होते का असं, एकाच्या जागी दुसरं दाबलं जाते?"

प्रीतमनं आधीच घट्ट असलेला एक नट पुन्हा आवळला.

"मले तर ब्रेकच वाटला होता," ती म्हणाली. "पण सारे म्हणून राहिले, तर क्लचच असन. माह्यावर माह्याच भरोसा नाही राहिला."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो जीपखालून बाहेर आला. खिशातला पाइप काढून त्यानं बॉनेटवर ठेवला.

"अमोलभाऊ, वहिनीची चुकी नाही," तो म्हणाला. "हा ब्रेकचा पाइप. चाकाले घासून फुटला. मीच टाकला होता, घाईत, न तपासता. अन् आता तुमच्यापासून लपवून राहिलो होतो."

अमोलनं त्याची कॉलर धरली. "माह्या मायचा हात मोडला अन् तू लपवून राहिला होता?" प्रीतमनं कॉलर सोडवली नाही. शेजारच्या पंक्चरवाल्याच्या दुकानातली माणसं जमू लागली. जमू देत, त्याला वाटलं, सगळ्यांनाच ऐकू दे. तो वंदनाकडं पाहत होता. तिनं शिव्या द्याव्यात, एक मुस्काटात ठेवून द्यावी, म्हणजे निदान मान वर करता येईल.

तिनं बॉनेटवरचा पाइप उचलला. फाटलेल्या जागेवरून दोनदा अंगठा फिरवला. तिचे डोळे डबडबले, पण प्रीतमवरच्या रागाचं त्यात काहीच नव्हतं. त्याचं बोलणं तिनं धड ऐकलंही नसावं.

"म्हणजे भाऊ," तिनं विचारलं, "मी ब्रेकच दाबला होता नं?"